चौऱ्याऐंशी नंबरचा दादूस

दादूस कुणालाही माफ करत नसे, आणि ते लपवतही नसे. आमच्या ऑफिसच्या खाली एक चहावाला होता. त्याने म्हणे एकदा दादूसला टवका उडालेल्या ग्लासातून चहा दिला आणि बदलून मागितल्यावर 'चालतंय की' म्हणाला. एवढंच. त्या दिवसापासून दादूस त्याच्याकडे चहा प्यायला नाही. रोज त्याच्या समोरून जायचा, थांबायचा, 'काय रं, बरा हायस ना' असं विचारायचा आणि पुढच्या चौकात जाऊन दुसऱ्याकडचा चहा प्यायचा. सहा वर्षं हे चाललं होतं. मी एकदा म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढी पायपीट कशाला? तर म्हणाला, "त्याला रोज कललं पायजे."

दादूस ऑफिसजवळच्याच बोनकोडे गावचा. पंचेचाळिशी ओलांडलेला, ठेंगणा, कायम बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करता करता तो कॉम्प्युटर शिकला, जाडजूड मॅन्युअलं वाचून, शिकवायला कुणी नसताना. सत्त्याण्णव साली मी कोपरखैरण्यातल्या त्या पाच माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले तेव्हा तिथली सगळी अवघड कामं त्याच्याकडे होती. मी साताऱ्याकडची, वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, घरात कॉम्प्युटरला हात लावणारी मी पहिलीच. दादूस मला 'बाय' म्हणायचा. त्यांच्याकडे घरच्या पोरींना म्हणतात तसं. मी तोंडावर 'तुम्ही'च म्हणत असे, पण लिहायला बसले की 'तो' येतो, त्याला माझा इलाज नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हे मी प्रेमानं लिहिते आहे हे खरं, पण यात सूडही आहे. तोही मला दादूसनेच शिकवला.

'रिकामी जागा' हे दोन शब्द त्याच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. नवं शहर वसायचं ठरलं तेव्हा खाडीकडेची त्यांची भातशेती गेली. मोजणीला आलेल्या माणसाने कागदावर लिहिलं, सर्व्हे नंबर चौऱ्याऐंशी, रिकामी जागा. "माजी आय तवा भातात उभी व्हती," दादूस सांगायचा. "गुडघ्यावर चिखल. तिच्या समोर लिवलान, रिकामी." तो मोजणीवाला केव्हाच रिटायर होऊन गावी गेला होता, पण दादूसला त्याचं नाव, त्याच्या छत्रीचा रंग, त्याने आईकडे मागून प्यायलेलं पाणी, सगळं पाठ होतं. ऐकताना मला त्या मोजणीवाल्याची भीती वाटायची, म्हणजे त्याच्या वतीने.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर घडलं. प्रोग्राम चालू असताना त्याला माहिती ठेवायला मेमरीत जागा लागते. जागा कमी पडली की तो मोठी जागा मागून घेतो आणि जुन्या जागेतल्या नोंदी तिथे उतरवतो. हे उतरवणं दोन तऱ्हांनी करता येतं. एका तऱ्हेत प्रोग्राम असं धरून चालतो की त्या जागेत आधीची एक नोंद नांदते आहे. तो आधी तिचं सामान बाहेर काढतो आणि मग नवं ठेवतो. दुसऱ्या तऱ्हेत तो तिथे काहीच नाही असं धरतो आणि पहिल्यापासून मांडामांड करतो. नवीन घेतलेल्या जागेत दुसरीच तऱ्हा वापरायची असते. पहिली वापरली तर जुन्या नोंदीचं म्हणून जे सामान तो फेकायला जातो ते मुळात तिथे नसतंच. तिथे असतो कुणीतरी पूर्वी टाकून गेलेला कचरा. त्या कचऱ्यालाच पत्ता समजून प्रोग्राम भलत्याच ठिकाणी शिरतो आणि कोसळतो.

मला हे पुस्तकातून दोन आठवडे कळलं नव्हतं. दादूसने एका वाक्यात सांगितलं. बोनकोड्यात त्याच्या घराला लागून चार खोल्या होत्या, भाड्याने दिलेल्या. "नांदत्या घरात सामान बदलनं वेगलं, बाय, नि रिकाम्या खोलीत बिऱ्हाड मांडनं वेगलं," तो म्हणाला. "नि रिकामी म्हनतात ती खोली कदी कोरी नसते. कोन ना कोन तिथं राहून गेलेला असतो." पुढे जोडून असंही सांगितलं की बिऱ्हाड मांडताना मध्येच काही फसलं, तर जेवढं मांडलं तेवढं सगळं आवरून मगच निघायचं. अर्धं टाकून पळायचं नाही. त्याच्या प्रोग्रामात या आवरण्याच्या ओळी नेमाने असत. एकूण पाच ओळी व्हायच्या. दुसरे लोक एका ओळीत भागवायचे.

ही चूक वाईट अशी की ती लगेच दिसत नाही. मशीन नुकतं चालू केलेलं असलं की मेमरी पुसून स्वच्छ असते. फेकायला कचराच नसतो, म्हणून चुकीचा प्रोग्रामही गुणी बाळासारखा चालतो. चार दिवस वापरून जागा मळल्या की मग पडतो, आणि तोही ग्राहकाकडे. यावर दादूसने स्वतःचा एक उपाय काढला होता. त्याने एक छोटी फाइल लिहिली होती, तिचं नाव 'कचरा'. ती आपल्या प्रोग्रामला जोडली की प्रोग्रामला मिळणारी प्रत्येक नवी जागा ती आधीच घाण करून ठेवायची, एकच आकडा पुन्हा पुन्हा भरून. मग चूक असेल तर पहिल्याच मिनिटाला उघडी पडायची. तो आकडा होता चौऱ्याऐंशी. मी विचारलं, हाच का?  मग माझं मलाच कळलं.

त्या वर्षी आम्हाला एका रसायनाच्या कारखान्याचं काम मिळालं. टाक्यांचं तापमान दर थोड्या वेळाने टिपायचं, नोंदी साठवायच्या आणि पारा फार चढला तर भोंगा वाजवायचा. नोंदी साठवणारी फाइल दादूसने लिहिली. आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक फाइलच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव असायचं. दादूस ते नाव सही करावी तसं टाइप करायचा, सगळ्यात शेवटी, फाइल पूर्ण तपासून झाल्यावर. चुलत्याने जमिनीच्या कागदांवर न वाचता अंगठा दिला होता, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं.

आमचे साहेब तेव्हा नुकतेच आले होते. इस्त्रीचे, हुशार, घाईचे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते जिथे लिहायचं तिथे दादूसने लिहून ठेवलं आहे. कारखान्याला काम पहिल्यांदा दाखवायच्या आदल्या दिवशी दादूस रजेवर होता. प्रोग्राम जरा हळू चालतो म्हणून साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, त्याच्या त्या पाच ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाले की हे काय पुराण लावलंय, एका ओळीत होतं. मी म्हटलं, सर, दादूसना विचारू या का? ते म्हणाले, "विचारायचं कशाला? मी सांगतोय ना." त्यांनी ओळ सांगितली, मी टाइप केली. ती चुकीची आहे हे मला तेव्हा कळत होतं. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून ते इथे असंच ठेवते.

दुसऱ्या दिवशी सगळं झकास चाललं, कारण मशीन नुकतंच चालू केलेलं. कारखान्यात बसवलं तेव्हाही तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी दुपारी प्रोग्राम पडला, पडद्यावरचे आकडे गोठले आणि भोंगा गप्प राहिला. टाकीवरच्या माणसाचं लक्ष जुन्या काट्याच्या मीटरकडे गेलं म्हणून त्याने हाताने पाणी सोडलं. माणूस वाचला, टाकीतला सगळा माल वाया गेला.

मग मीटिंग झाली. कारखान्याचे इंजिनिअर आले होते, मोजकं बोलणारे गृहस्थ. साहेबांनी फाइलचा छापील कागद टेबलावर ठेवला आणि माथ्यावरच्या नावावर पेन टेकवलं. आमचा हा जुना माणूस, रीतसर शिक्षण नाही, अशा लोकांकडून असं होतं, आम्ही आजच त्यांना मोकळं करतो आहोत, असं ते म्हणाले. दादूसने कागद उचलून वाचला. त्या ओळीपाशी आला आणि थांबला.

"नाव माजा हाय," तो म्हणाला. "ओल माजी नाय."

साहेब हसले.  दादूसने एकदा माझ्याकडे बघितलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. वहीत मी काय लिहिलं ते आजही सांगू शकते. मी तारीख लिहिली, आणि तिच्यावरच पुन्हा पुन्हा गिरवत राहिले.

त्याच दुपारी दादूस गेला, पण त्याच्या पद्धतीने. टेबलाचे कप्पे पुसले. फ्लॉप्या नावं लावून परत केल्या. खिडकीतली तुळशीची कुंडी पिशवीत घातली. भिंतीवर कॅलेंडरसाठी त्याने एक खिळा ठोकला होता, तोही पकडीने उपटला आणि भोकात चुना भरून बोटाने सारखा केला. साहेब दारात उभे राहून हे बघत होते आणि त्यांना ते विनोदी वाटत होतं. मला मात्र कळत होतं. जेवढं मांडलं तेवढं तो आवरत होता.

आठवड्याने तो मला पुढच्या चौकात, त्याच्या त्या दुसऱ्या चहावाल्यापाशी भेटला. मीटिंगमधला कागद चार घड्या घालून खिशात होता. त्याने तो उलगडला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "मॅडम, ही ओल तुमी टाइप केली. शेवटच्या कंसाच्या आदी जागा सोडायची सवय तुमची." मला त्या 'मॅडम'ने आणि 'तुमी'ने जे केलं ते शिव्यांनी केलं नसतं. मी रडायला लागले, नोकरी नवी होती, साहेब मागे उभे होते, घरी भाऊ शिकतो आहे, असलं सगळं सांगत सुटले. तो चहा संपेपर्यंत ऐकत राहिला. मग खिशातून एक फ्लॉपी काढून माझ्या हातावर ठेवली. तिच्यावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, कचरा.

"मना कामावर घेनार नायत, मना त्या गेटातून आत सोडनार नायत," तो म्हणाला. "म्हंजे माजा सूड तुमी घ्यायचा. नाय घेतला तर तुमचा मी घेईन." आणि ग्लास विसळून ठेवून निघून गेला.

तीन आठवडे ती फ्लॉपी माझ्या पर्समध्ये होती. एवढ्या काळात साहेबांनी काय दुरुस्ती केली असेल? काहीच नाही. ओळ तशीच ठेवली आणि कारखान्याला सूचना दिली की रोज सकाळी मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. मशीन ताजं राहिलं की चूक झोपून राहायची. कुणी एक दिवस विसरला असता तर पुन्हा भोंगा गप्प आणि टाकीपाशी एक माणूस. मला राग यायला लागला तो इथे. आधी फक्त भीती होती. आणि राग आला की बरं वाटतं, हे मला पहिल्यांदाच कळलं.

शेवटची चाचणी कारखान्यात, सकाळी अकराला होती. ती झाली की काम पसंत म्हणून इंजिनिअर सही करणार होते. प्रोग्राम बसवायचं काम माझ्याकडे. मी 'कचरा' जोडलेला प्रोग्राम बसवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की एक चाचणी राहिली आहे, मशीन महिनाभर वापरून मळल्यावर कसं वागेल ते आता बघायचं आहे. साहेबांनी माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. इंजिनिअर म्हणाले, बघू या. मी बटण दाबलं. टाक्यांचे आकडे यायला लागले, एक, दोन, तीन. नोंदींची यादी भरली, प्रोग्रामने मोठी जागा मागितली, आणि पडद्याच्या मधोमध ती करड्या रंगाची चौकट आली. या पत्त्यावर जाता येत नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं, आणि खाली पत्ता: चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी.

त्याची आई ज्या भातात उभी होती ते शेत साहेबांच्या नाकासमोर चारदा उभं राहिलं. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

इंजिनिअरनी विचारलं, ही चूक कुणाची? साहेब म्हणाले, त्या जुन्या माणसाचीच, त्यानेच करून ठेवलेली. तेव्हा मी बोलले. "ही ओळ मी टाइप केली. मला ती साहेबांनी सांगितली. वर ज्यांचं नाव आहे त्यांनी पाच ओळी लिहिल्या होत्या, त्या बरोबर होत्या."  साहेबांच्या कपाळावर घाम आला आणि तो पुसायला त्यांना रुमाल सापडेना. तो शोधताना त्यांनी तिन्ही खिसे चाचपले. हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे. दादूसला सांगायचं म्हणून.

नोकरी त्या दिवशीच गेली, त्याची अपेक्षा होतीच. मी तडक बोनकोड्याला गेले. दादूस ओट्यावर भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडून तेल घालत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याने दोनच प्रश्न विचारले. पहिला, किती वेळात पडला? मी म्हटलं, एका मिनिटात. दुसरा, पत्ता दिसला? मी म्हटलं, चार वेळा. तो हसला. मग खिशांचं सांगितलं तेव्हा त्याने ते पुन्हा सांगायला लावलं. मला वाटलं, आता 'बाय' म्हणेल. पण चहा पुढे करताना म्हणाला, "घ्या, मॅडम." मी तो प्यायले. ग्लासाला टवका नव्हता, तेवढं मी बघून घेतलं.

कारखान्याने दोनच दिवसांत साहेबांच्या कंपनीशी संबंध तोडला आणि दुरुस्तीसाठी सरळ दादूसला बोलावलं. त्याने त्याच्या पाच ओळी परत घातल्या. पण साहेबांची ओळ पुसली नाही. ती तशीच ठेवून तिच्यापुढे खूण केली, म्हणजे मशीन ती वाचणार नाही, माणूस मात्र वाचेल. तिच्या डोक्यावर चिठ्ठी लिहिली आहे, असं त्याने मला सांगितलं. काय लिहिलं आहे ते सांगितलं नाही. "कारखाना हाय तवर ऱ्हाईल," एवढंच म्हणाला. त्यानंतर आम्ही अधूनमधून भेटत राहिलो, त्याने मला ऐरोलीला दुसरी नोकरी बघून दिली, माझ्या लग्नात येऊन जेवला. प्रत्येक वेळी मॅडम. मी कधी कळवळून विचारलं नाही की कधीपर्यंत. चहावाल्याला सहावं वर्ष संपून सातवं लागलं होतं, ते मला दिसत होतं.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात दादूस गेला. कावीळ साधी म्हणून घरी काढली आणि ती साधी नव्हती. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. जुन्या ऑफिसखालचा तो चहावाला दाराशी उभा होता, आत जावं की नाही ते न कळून. मी त्याला आत घेऊन गेले नाही. दादूसला ते आवडलं नसतं.

पावसाळा सरत आला तेव्हा मला एक फोन आला. नवं शतक लागताना कॉम्प्युटर तारखा चुकतील म्हणून सगळीकडे जुने प्रोग्राम तपासणं चाललं होतं. कारखान्याने एका मुलीला त्या कामावर नेमलं होतं. तिला प्रत्येक फाइलमधल्या दोन आकडी वर्षांची यादी करायची होती, आणि एका फाइलमध्ये तिला काही कळत नव्हतं. इंजिनिअरनी माझा नंबर दिला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय, असं म्हणून ती अडखळत वाचायला लागली. आधी साहेबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग, "खालची ओळ यांची. चालवू नये. टाइप केली, सुनंदा बाय. कचरा घालून पकडली, सुनंदा बाय." आणि शेवटी तारीख.

"सुनंदा बाय म्हणजे तुमीच ना, मॅडम?" ती म्हणाली.

 ज्या आठवड्यात तो मला ओट्यावर 'घ्या, मॅडम' म्हणाला होता, त्याच आठवड्याची ती तारीख होती. तोंडाने त्याने शेवटपर्यंत मला सोडलं नाही, आणि तिथे, कारखाना आहे तोवर राहील अशा जागी, दोन वेळा बाय लिहून ठेवलं होतं. गुन्हाही लिहिला होता, पुसला नव्हता.

मी हो म्हटलं. ती म्हणाली, ह्या चिठ्ठीचा प्रोग्रामला काही उपयोग दिसत नाही, तारखेत वर्ष दोनच आकडी आहे, तर सगळंच काढून टाकू का?

"काढू नका," मी म्हटलं. "वर्ष तेवढं चार आकडी करा. बाकी कुठल्याच नावाला हात लावू नका."